रिकाम्या गाडीचं वजन

वजनकाट्याच्या लोखंडी फळीवर आमचा ट्रेलर एकटाच उभा होता. जावयाने जीप सोडवून पुढे नेली होती. काट्याच्या खोलीतल्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, "दोन हजार सहाशे तीस!"

"असं कसं?" जावई म्हणाला.

"मी नाही म्हणत, काटा म्हणतोय. पटत नसेल तर त्याच्याशी भांडा."

ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची पाटी आहे. सामानासकट या गाडीचं वजन अडीच हजार किलोच्या वर जाता कामा नये, असं तिच्यावर लिहिलं आहे. ती पाटी मी इतक्या वेळा वाचली होती की तिच्या चार खिळ्यांपैकी एक नंतर ठोकलेला आहे, हेसुद्धा मला पाठ होतं. म्हणजे आम्ही एकशे तीस किलो जास्त होतो. काट्यावर यायचा हट्ट माझाच होता, त्यामुळे कोणाकडे बघायचं ते मला कळेना.

"बाबा, तुम्ही म्हणाला नसतात तर आपल्याला कधी कळलंच नसतं," जावई म्हणाला. रागावून नव्हे. त्याला राग येत नाही. तो फक्त खरं बोलतो, आणि ते जास्त लागतं.

हे सोमवारी सकाळी झालं. गुरुवारी आम्हाला निघायचं होतं. सहाशे किलोमीटरवर माझ्या बायकोची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे हिची वेणी घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. महिन्यापूर्वी ताईने फोनवर दम खात खात सांगितलं होतं, "ये गं एकदा. तुझ्याशी अजून बरंच भांडायचं राहिलंय."

हिला जायचं तर आमच्यासारखं पिशवी उचलून जाता येत नाही. दीड वर्षापूर्वी हिच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. तेव्हापासून पोटातून डायलिसिस करतो. पोटात कायमची एक नळी बसवली आहे. तिच्यातून दिवसाकाठी चार वेळा दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते बाहेर काढायचं, नवं भरायचं. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. एकोणीस पायऱ्या आहेत. त्या मी मोठ्याने वाचतो आणि ही करते. गेल्या वर्षी एका लग्नाला गेलो, लॉजच्या खोलीत दोनदा पाणी बदललं आणि हिच्या पोटात जंतू गेले. सतरा दिवस दवाखान्यात होती. नंतर डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वतःच्या स्वच्छ खोलीबाहेर हे करायचं नाही. पुन्हा झालं तर मी जबाबदार नाही.

म्हणून ट्रेलर. जावयाची कल्पना. खोलीबाहेर जायचं नाही ना, मग खोलीच घेऊन जाऊ, असं तो म्हणाला. एका निवृत्त जोडप्याने वापरलेला, सहा मीटर लांबीचा, दोन पलंग, छोटी मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा असलेला तो ट्रेलर आमच्या दारापुढे आला, तेव्हा ही त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "हे तर अख्खं बिऱ्हाड आहे." तेच नाव पडलं. मी तीन आठवडे त्यातली एकेक भिंत जंतुनाशकाने पुसली. मला गाडी चालवता येत नाही, ट्रेलरचा आकडा जीपला अडकवता येत नाही, चाकातली हवा किती ते बोटाने दाबून सांगता येत नाही. पुसता येतं.

आणि वाचता येतं. मी एकोणचाळीस वर्षं ग्रंथालयात सूचिकार होतो. पुस्तक आलं की त्याचं कार्ड करायचं: लेखक, विषय, पानं, उंची सेंटीमीटरमध्ये. ट्रेलर आला तसा मी वाहन नोंदणी कार्यालयाची नियमपुस्तिका आणली, अठ्ठ्याऐंशी पानांची. ही म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे गाडी घेतली की ती चालवतात. आमचे गाडीची पुस्तकं वाचतात."

तर एकशे तीस किलो. ट्रेलर घरी आणला आणि आतलं सगळं अंगणात काढलं. स्नानगृहातला वजनकाटा आणून मी एकेक वस्तू त्याच्यावर ठेवू लागलो. मोठ्या वस्तू आधी मी उचलून उभा राहायचो, मग माझं वजन वजा करायचो. ही पायरीवर बसून लिहून घेत होती.

"गादी एक, अकरा किलो. पुढे?"

"औषधाची खोकी. पंधरा. प्रत्येकी नऊ."

"एकशे पस्तीस," ही म्हणाली आणि पेन्सिल गालाला लावून हसली. "म्हणजे हो, मी आणि माझं पाणी एवढंच काय ते जास्त झालंय. मला इथंच ठेवा, बिऱ्हाड झटक्यात नियमात बसेल."

"आई, तुम्हाला ठेवून आम्ही तिकडे जाऊन काय करायचं?" जावई म्हणाला. "ताईमावशी बाबांशी थोडीच भांडणार आहेत?"

"ह्यांच्याशी कोणाला भांडता येतं! हे पान नंबर सांगतात."

खोक्यांना हात लावायचा प्रश्न नव्हता. औषध कंपनी तिकडच्या पत्त्यावर माल पोचवते, पण सहा आठवडे आधी कळवावं लागतं, आणि आमच्याकडे सहा आठवडे नव्हते. मग दुसरं शोधलं. पाण्याची टाकी मी उत्साहाने काठोकाठ भरून ठेवली होती. ती सोडून दिली, नव्वद किलो गेले. बाहेर लावायचा कापडी मांडव सव्वीस. घडीच्या खुर्च्या आणि टेबल पंधरा. राहिलं एक खोकं, एकोणीस किलोचं.

"हे काय आहे?" जावयाने विचारलं.

मी म्हणालो, "थोडी पुस्तकं."

 हिने नुसतं पेन्सिलीने त्या ओळीवर काट मारली, सावकाश, मला दिसेल अशी.

संध्याकाळी पुन्हा काट्यावर गेलो. दोन हजार चारशे ऐंशी. काटेवाल्याने अंगठा वर केला. जावयाने मला चक्क मिठी मारली. घरी फोन लावला तर ही म्हणाली, "बघा, पुस्तकं काढली की माणूस हलका होतो." खूप दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला. तिने लगेच ताईला फोन लावला असणार, कारण त्यानंतर पाऊण तास आमच्या घरचा फोन व्यग्र होता.

इथेच थांबायला हवं होतं. पण रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मी टेबलाशी बसून ती यादी नीट उतरवून काढली, सवयीने. ट्रेलरमध्ये जे जे राहिलं होतं त्याची बेरीज केली. चारशे तीस किलो. सहज म्हणून ती काट्याच्या आकड्यातून वजा केली. उरले दोन हजार पन्नास. म्हणजे आमचा ट्रेलर रिकामा असताना दोन हजार पन्नास किलोचा होता. मी नोंदणीपत्र उघडलं. त्यात रिकाम्या गाडीचं वजन लिहिलं होतं, अठराशे चाळीस.

मी तीनदा वजाबाकी केली. दोनशे दहा किलोंचा फरक. आधीच्या मालकाने मोरी बसवली असेल, जमिनीवर जाड फळ्या टाकल्या असतील, आणि कोणाला सांगितलं नसेल. नियमपुस्तिका, पान एक्केचाळीस: रिकाम्या वजनात शंभर किलोहून जास्त बदल झाल्यास मालकाने कार्यालयास कळवावे, न कळवल्यास असे वाहन तपासणी नाक्यावर अडवून ठेवता येईल. वाटेत, साधारण निम्म्यावर, एक तपासणी नाका होता. तिथे ट्रेलरचं वजन करतात, हे काटेवालाच बोलता बोलता म्हणाला होता.

मला समोर दिसायलाच लागलं. नाक्यावरच्या धुळीत ट्रेलर बाजूला लावलेला, चावी कोणाच्या तरी खिशात, औषध आत, आणि ही जीपमध्ये बसून घड्याळाकडे बघतेय.

जावयाला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, कोण रिकामं करून बघणार आहे? आणि तो बरोबर असता. काट्याला एकूण वजन कळतं. आत किती सामान आहे याचा हिशेब जगात एका माणसाकडेच होता. हिला सांगितलं असतं तर तीही नको म्हणाली असती. म्हणून मी कोणालाच सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी, दाढीचं ब्लेड आणतो म्हणून बाहेर पडलो आणि नोंदणी कार्यालयात गेलो. एक आकडा खोडून दुसरा लिहायचा, शिक्का मारायचा. मी जन्मभर कार्डांवर हेच केलं होतं. दहा मिनिटांचं काम.

चार नंबरच्या खिडकीत साधारण माझ्या मुलीच्या वयाच्या बाई होत्या. मी अर्ज, काट्याची चिठ्ठी आणि यादीच्या तीन प्रती टाचणी लावून पुढे सरकवल्या.

"वा!" त्या म्हणाल्या. "इतका नीटनेटका अर्ज मी पहिल्यांदा बघतेय. चमचेसुद्धा मोजलेत?"

"नऊ आहेत. दहावा सापडला नाही."

त्या हसल्या. हसता हसताच कळफलकावर बोटं चालवत होत्या. मला बरं वाटलं. मी ओळख नसलेल्या माणसांशी सहसा बोलत नाही, आणि आज बोललो तर सगळं सुरळीत चाललं होतं. त्यांनी एक कळ जरा जोरात दाबली आणि हात पुढे केला.

"नोंदणीपत्र द्या. आणि ट्रेलरची नंबरप्लेट उद्या पाचच्या आत जमा करा."

"नंबरप्लेट कशाला?"

"नोंदणी स्थगित झाली ना. तपासणी होईपर्यंत."

"मला फक्त तो आकडा दुरुस्त करून हवाय."

"हो, पण वजन वाढलंय म्हणजे गाडीत बदल केलाय. म्हणजे निरीक्षक घरी येऊन बघणार. ब्रेक, आस, सगळं. मग नवं पत्र. तोवर गाडी जागेवरून हलवायची नाही."

"किती दिवस?"

"कामाचे दहा. आदल्या दिवशी फोन येईल. मालक हजर नसला तर अर्ज रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून."

मी म्हणालो, "आम्हाला परवा निघायचंय."

आणि मग मी सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं, आधी लॉज, मग ताई, मग नळी, मध्येच पंधरा खोकी. मागून कोणीतरी म्हणालं, "आजोबा, घरची गोष्ट घरी सांगा, आम्हालाही कामं आहेत." बाईंचं हसू केव्हाच गेलं होतं. त्या काचेच्या भोकाजवळ वाकल्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो इथे यायला?" त्या हळूच म्हणाल्या.

"पुस्तिकेत आहे. पान एक्केचाळीस."

"ती पुस्तिका कोणी वाचत नाही, काका."

"मग हा अर्ज मला परत द्या. मी आलोच नव्हतो, असं समजा."

"नोंद पडली." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "कागद असता तर तुमच्यादेखत फाडला असता. खरंच सांगते. हे फाडता येत नाही."

त्या उठून आतल्या साहेबांकडे गेल्या. काचेतून मला त्यांचे हात दिसत होते. पोटाजवळ नळीसारखी खूण केली, मग दूर कुठेतरी असं दाखवलं. साहेबांनी खांदे उडवले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, खूप वेळ. बाई परत आल्या. "यादीत वर टाकलंय. चार-पाच दिवसांत होईल असं बघते. एवढंच माझ्या हातात."

घरी आलो तेव्हा ही दुपारचं पाणी बदलत होती. दार आतून बंद होतं. मी अंगणात गेलो आणि स्क्रू ड्रायव्हरने ट्रेलरची नंबरप्लेट काढायला बसलो. एक स्क्रू गंजला होता, फिरेना. तो फिरवण्यात मी गुंतलो, आणि ही केव्हा मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही.

"ब्लेड मिळालं?"

"नाही."

"हे काय करताय?"

मी सांगितलं. वर न बघता सांगितलं, त्या स्क्रूला.  ही म्हणाली, "मला विचारायचं तरी."

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं, अहो."

तिने माझ्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, स्क्रूवर ओट्यावरच्या बाटलीतलं तेलाचं बोट लावलं, जरा थांबली आणि एका झटक्यात तो फिरवला. प्लेट माझ्या मांडीवर पडली. ही आत निघून गेली. तिने आरडाओरडा केला असता तर मला माझी बाजू मांडायला तरी जागा मिळाली असती.

त्याच संध्याकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. मावशी, डॉक्टर दिवसांची भाषा करताहेत, आठवड्यांची नाही, असं तो म्हणाला. हिने फोन ठेवला आणि जावयाला बोलावून घेतलं. मला नाही विचारलं, आणि ते रास्तच होतं.

"जीपने जायचं," ही म्हणाली. "दहा खोकी मागे बसतात ना?"

"बसतात. पण आई, पाणी कुठे बदलणार?"

"ताईच्या घरी सामानाची खोली आहे. पुसून घेऊ."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी काय सांगितलंय..."

"दीड वर्ष मी सगळ्यांचं ऐकलं. डॉक्टरांचं, तुमचं, त्या एकोणीस पायऱ्यांचं. ताईचं ऐकायचं राहिलंय." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही इथे थांबा. तो निरीक्षक आला की कागद सोडवा. जावई येतील परत न्यायला, त्यांच्याबरोबर बिऱ्हाड घेऊन या मागून. चार दिवस काढीन मी त्या खोलीत. चार दिवसांनी काय होतंय?"

मीही येतो, असं मला म्हणायचं होतं. पण मालक हजर नसला तर अर्ज रद्द, आणि कागदावर मालक मी होतो. लेक शाळेत शिकवते, तिच्या परीक्षा सुरू होत्या. नाहीतरी तिच्या सहीने काही झालं नसतं.

बुधवारी मी जावयाला पायऱ्या शिकवल्या. तो मोठा माणूस. हातात इंजिनाचं तेल मुरलेलं. त्याला मी नळाखाली उभं करून पाच वेळा हात धुवायला लावले. पाचव्यांदा तो म्हणाला, "बाबा, माझं लग्न ठरवताना तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती." ही हसली. मी कार्ड त्याला दिलं. प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर, ठळक अक्षरात. त्याने ते वाचून दाखवलं. सात नंबरला तो अडखळला, मग पुन्हा नीट वाचलं. तेवढंच मला लक्षात राहिलं, सात नंबरला अडखळला.

गुरुवारी सकाळी ते गेले. हिने काच खाली करून सांगितलं, "दूधवाल्याला सांगून ठेवा, अर्धा लिटरच." जीप कोपऱ्यावर वळली. दारात ट्रेलर उभा होता, नंबर नसलेला, आणि त्याच्या आत जंतू औषधालाही सापडला नसता.

मग फोन. दिवसातून चार. ही सांगायची आणि मी एकच विचारायचो, बाहेर आलेलं पाणी कसं आहे? ते स्वच्छ असलं म्हणजे सगळं ठीक. वाटेतली एक पाळी पेट्रोल पंपाच्या मॅनेजरच्या खोलीत झाली. "भला माणूस," ही म्हणाली. "आपलं कॅलेंडरसुद्धा काढून बाहेर घेऊन गेला, धूळ असते म्हणून." स्वच्छ. संध्याकाळी पोचले. स्वच्छ. ताईने ओळखलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, जाड झालीस. मी म्हटलं, ते पाणी आहे. म्हणाली, तुझं लहानपणापासून काही ना काही कारण असतंच."

शुक्रवारी दोघी दुपारभर भांडल्या. एका हिरव्या स्वेटरवरून, जो पन्नास वर्षांपूर्वी कोणी हरवला ते ठरत नव्हतं. ही फोनवर इतकी हसत होती की मला विचारायचं विसरायला झालं. मग तिनेच सांगितलं, स्वच्छ आहे हो. शनिवारी ताई कमी बोलली. सामानाच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्याला जावई बाहेरून पाठ लावून उभा राहतो, असं कळलं. रविवारी मी कार्यालयाला फोन लावला. सुट्टी होती, घंटा वाजत राहिली. मला माहीत होतं सुट्टी आहे ते. सोमवारी सकाळी चार नंबरच्या बाईंनी स्वतःहून फोन केला. "काका, उद्या. अकरा वाजता. मी भांडून घेतलंय, घरीच राहा." मी कुठे जाणार होतो?

मंगळवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना निरीक्षक आला. तरुण, चापून भांग पाडलेला, कोऱ्या फायलीचा वास येणारा. चाकं बघितली, आस बघितला, खाली आडवा होऊन ब्रेकच्या तारा बघितल्या. घाई नाही, चुकारपणा नाही. माझ्या यादीची प्रत त्याच्याकडे होती आणि तो एकेक ओळ तपासत होता.

"तुमच्यासारखे मालक असते तर आमचं निम्मं काम झालं असतं, काका," तो म्हणाला.

"आज सही होईल ना?"

"मापं घेतली की झालंच. नवं पत्र उद्या खिडकीवर."

उद्या. म्हणजे जावई आज दुपारी निघाला तर रात्रीपर्यंत इथे, उद्या कागद, परवा बिऱ्हाड तिथे. मी मनात हे सगळं मांडत होतो. निरीक्षकाने पोलादी टेप काढली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं. "तुम्ही मागच्या भिंतीला लावून धरा. मी पुढे जातो." तो टेप सोडत सोडत दाराकडे गेला आणि तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला.

ही होती. पण ही पाळी दुपारची असते, अजून तास होता.

"अहो," ती म्हणाली, "गढूळ आहे."

"किती?"

"गढूळ आहे. पोटातही दुखतंय सकाळपासून. मी म्हटलं, जागरणाचं असेल."

माझ्या हातातून टोक सुटलं. टेप खणखणत सगळा ट्रेलर ओलांडून निरीक्षकाच्या डबीत जाऊन आदळली.

"सुटलं ना, काका!"

"दवाखान्यात जा," मी फोनमध्ये म्हणालो. "आत्ता. ती पिशवी फेकू नका, बरोबर न्या, त्यांना तपासायला लागते. जावई कुठे आहे?"

"जीप काढतोय. मला माहीत आहे पिशवीचं, तुम्ही घाबरू नका." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "ताई झोपलीय. मी आले हे बरं झालं बघा. हे तुम्हाला नंतर सांगायला विसरेन म्हणून आत्ता सांगतेय. ठेवते."

फोन बंद झाला. मी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. परिचारिकेने तिकडच्या दवाखान्याचं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. मी जावयाला लावला. उचलला नाही, चालवत असणार. तो चालवताना फोन उचलत नाही, आणि तसं करायला त्याला मीच शिकवलं होतं.

निरीक्षक डबी हातात धरून उभा होता. "घरी काही बरं नाहीये का?"

"बायको," मी म्हणालो. "दुसऱ्या गावी आहे." 

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला काय करावं ते कळत नव्हतं, आणि तो वाईट माणूस नव्हता. "दोनच मापं राहिलीत," तो म्हणाला. "लांबी आणि आतली उंची. आज काम अर्धवट सोडलं तर पुढची तारीख दहा दिवसांनीच मिळेल. तुम्ही म्हणाल तसं."

 ट्रेलर आता तिकडे कशाला न्यायचा, हे मला ठाऊक नव्हतं. तिला आणायला लागेल की नाही, हेही नाही. सहाशे किलोमीटरवर एक जीप रस्ता शोधत होती आणि तिच्यासाठी मला करता येण्यासारखं एकही काम या जगात नव्हतं.

"घ्या मापं," मी म्हणालो.

त्याने टेपचं टोक पुन्हा माझ्या हातात दिलं. मी ते मागच्या भिंतीला लावलं, मी पुसलेल्या त्या भिंतीला, आणि अंगठ्याने दाबून धरलं. दुसऱ्या हातात फोन होता. निरीक्षक दाराशी बसून आकडा वाचत होता. "पाच मीटर ब्याण्णव," तो म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.